पिंजाऱ्याच्या घरातली उशी

घनसावंगीच्या शाळेत माझी बदली झाली, त्या वर्षी थंडी पडायच्या बेतात सासूबाईंची गादी पिंजून घ्यायला मी पहिल्यांदा मैमूनाभाभींच्या दुकानात गेले. गादी पार बसली होती. कापसाचे गोळे होऊन चारी कोपऱ्यांना पळाले होते आणि मधे नुसती खोळ उरली होती.

दुकान अंबड रस्त्याला लागून. पत्र्याच्या दोन खोल्या, त्यांना लागूनच घर. पुढच्या खोलीत रुईचे गठ्ठे आणि पट्ट्यापट्ट्यांच्या खोळींच्या चळती, मागच्या खोलीत पिंजायचं मशीन. मशीन नुकतंच थांबलं असावं. कापसाचे तंतू खाली बसायला तयार नव्हते. दारातून आलेल्या उन्हात ते इतक्या सावकाश फिरत होते, की बघणाऱ्यानंही श्वास हळू घ्यावा. गठ्ठ्याला टेकून एक बाई त्यांच्याकडंच बघत बसली होती. तिच्या ओढणीवर, भुवयांवर, पापण्यांवरसुद्धा कापूस होता.

"भाभी, गादी आणलीय," मी म्हणाले. पुन्हा एकदा म्हणाले, तेव्हा त्या दचकून उठल्या.

"माफ करा हं मॅडम. मी इथं नव्हते."

"मग कुठं होता?"

"असंच," त्या हसल्या. "जाऊन येत राह्यते."

मग त्यांनी गादीबद्दल नाही, सासूबाईंबद्दल विचारायला सुरुवात केली. कोणत्या कुशीवर निजतात? पाय पोटाशी घेतात का लांब सोडतात? पहाटं गार लागतं का? मला एकही उत्तर येईना. सात वर्षं एका घरात राहून मी सासूबाईंना झोपलेलं नीट बघितलंच नव्हतं. शेवटी घरी फोन लावला आणि सासूबाईंनीच ओरडून सगळं सांगितलं. भाभींनी कमरेच्या जागी कापूस जास्त घातला, खांद्याशी कमी. त्या रात्रीपासून सासूबाईंची कुरकुर थांबली आणि माझं त्या दुकानात जाणं-येणं सुरू झालं.

मैमूनाभाभी माहेरच्या अंबडच्या. त्यांचे मालक ख्वाजामियाँ. गावात सगळे ख्वाजाभाई म्हणतात. मशीन यायच्या आधी ते खांद्यावर पिंजण टाकून गावोगाव फिरायचे. माणसाच्या उंचीचं लाकडी धनुष्य, त्याला ताणून बांधलेली तात, आणि तिच्यावर मारायला लाकडी ठोकळा. तात कापसात धरून ठोकळा मारला की एक जाड, घुमणारा आवाज निघतो आणि कापूस फुलून वर येतो.

"लग्नाच्या आधी मी ह्यांना ऐकलं व्हतं," भाभी एकदा मला म्हणाल्या. "बघितलं नव्हतं. आमच्या गल्लीत कुणाची तरी रजई पिंजायला आल्ते. दुपार होती. मी आत निजले व्हते. डोळा लागता लागता तो आवाज आला अन् मला वाटलं, कुणीतरी आभाळ पिंजून राह्यलंय. मंग दोन वरसांनी लगीन झालं तवा कळलं, हेच ते."

ख्वाजाभाई बाजूलाच बसले होते. त्यांनी लाजून तोंड फिरवलं. उंच, वाळका माणूस, बोटं मात्र विलक्षण मऊ. चिमूटभर रुई चोळून कापूस गोदाकाठच्या काळ्या रानातला का हसनाबादकडच्या मुरमाड रानातला, ते सांगायचे. खरं सांगायचे का ठोकून द्यायचे, कुणास ठाऊक; पण ऐकणाऱ्याला ते खरंच वाटायचं. खोकला मात्र मी पहिल्या दिवसापासून ऐकत होते. बोलता बोलता वाक्य अर्धं राहायचं आणि उरलेलं वाक्य खोकल्यात जायचं.

त्यांची मुलगी अर्शिया जालन्याला कॉम्प्युटरचं शिकत होती. शेवटच्या वर्षी तिनं घरच्या धंद्याची वेबसाइट करायचं घेतलं आणि एका रविवारी नाव विचारायला माझ्याकडं आली.

"मॅडम, सिरहाना म्हणतो ना आम्ही, जिथं डोकं ठेवतो ती जागा. त्याला मराठीत काय?"

"उसं," मी म्हटलं. "उशाशी. उशाशी बस, असं म्हणतात ना, आजारी माणसाच्या."

तिनं तो शब्द दोन-तीनदा तोंडात घोळवला आणि तोच ठेवला. 'उशाशी'.

मग दर रविवारी माय-लेकी दुकानात बसायच्या. भाभी टाके घालता घालता बोलायच्या आणि अर्शिया लिहून घ्यायची. गादीला ऊन कसं द्यावं. तान्ह्या बाळाला उशी का देऊ नये. मान दुखणाऱ्यानं उशीचा कापूस किती ठेवावा. झोप येत नसली तर डोळे मिटून ओळखीच्या रस्त्यानं चालत जावं, एकेक घर आठवावं, घाई करू नये. हे शेवटचं भाभींचं स्वतःचं औषध होतं. अर्शियानं त्यांच्याच बोलीत जसंच्या तसं टाकलं. मी शुद्धलेखन तपासायला घेतलं आणि काही वाक्यांनंतर तपासणं सोडून नुसतं वाचत बसले.

वेबसाइट लोकांना आवडली, पण धंदा काही वाढला नाही. गादी ही काय पाकिटात घालून पाठवायची वस्तू आहे? पुण्याची एक बाई फोनवर तासभर बोलली, रजई पसंत केली आणि पाठवायचा खर्च ऐकून फोन ठेवून दिला. महिन्याकाठी एखाददुसरी उशी जायची, तेवढंच.

त्यातच अर्शियाचं लग्न झालं. ती नांदेडला गेली. वर्षभरात दिवस राहिले. आणि वेबसाइटचे वार्षिक पैसे भरायची तारीख आली.

"बंद कर," ख्वाजाभाई म्हणाले. ते दोघं आपसात दखनी उर्दूत बोलतात. मी माझ्या भाषेत सांगते आहे. "पोरीची हौस होती. पोरगी गेली सासरी. आता कुणासाठी चालवायची?"

दुसऱ्या दिवशी शाळा सुटायच्या वेळी भाभी फाटकाशी उभ्या.

"मॅडम, पोरगी सासरी गेली म्हून कुणी तिची खोली पाडतं का? लोक येऊन राह्यलेत तिथं. काल नाशिकच्या एका बाईनं इचारलंय, तुमी मच्छरदाणी कोणती वापरता. तिला काय सांगू, दुकान उठलं?"

त्या बाईला त्यांनी मच्छरदाणीचं नाव, माप, सगळं सांगितलं होतं. हे अर्शियाला फोनवर कळलं, तेव्हा ती तिकडून म्हणाली, "अम्मी, नुसतं नाव कशाला सांगितलं? लिंक द्यायची ना."

आणि तिनं आईला तो प्रकार समजावला. पानावर मच्छरदाणीचं नाव लिहायचं. वाचणाऱ्यानं त्यावर बोट ठेवलं की तो थेट मोठ्या ऑनलाइन दुकानात पोचतो. तिथं त्यानं काही विकत घेतलं तर दुकानाला कळतं, हा माणूस कुणाच्या दारातून आला. आणि त्या दाराला ते थोडं कमिशन देतं. खूप नाही, पण वेबसाइट आपल्या पायावर उभी राहील एवढं.

अर्शियानं नांदेडहून आईच्या नावानं नोंदणी केली, पॅन कार्ड लावलं, बँकेचं खातं जोडलं. पण भाभींचं मन काही घेईना. तीन-चार दिवस त्या तेच घोकत होत्या. लोक माझ्यावर इमान ठेवून विचारतात आणि मी त्याचे पैसे घ्यायचे? ही दलाली झाली का नाही?

शेवटी त्यांनी ख्वाजाभाईंना विचारलं. मी तिथंच होते.

"मी फिरत होतो तवा," ते मला समजावं म्हणून मराठीत म्हणाले, "लोक इचारायचे, खोळीचं कापड कुठं घ्यावं. मी कुंभार पिंपळगावच्या एका दुकानदाराचं नाव सांगायचो. माल बराबर होता त्याचा. ईदीला तो मला एका कुडत्याचं कापड द्यायचा. मी तेच कुडतं घालून गिऱ्हाइकाकडं जायचो अन् सांगायचो, हे त्यानं दिलेलं हाय बरं का, तरी बी कापड चांगलं हाय." खोकला आला. तो जाईपर्यंत आम्ही थांबलो. "सांगून घेतलं तर हक्क. लपवून घेतलं तर चोरी."

झालं. 'उशाशी'च्या पहिल्या पानावर सगळ्यांत वर भाभींनी लिहवून घेतलं: 'इथून तुम्ही काही घेतलं तर दुकानवाला आम्हाला थोडे पैसे देतो. तुम्हाला वस्तू महाग पडत न्हाई. त्या पैशावर हे पान चालतं. घेतलंच पाहिजे असं बिलकुल न्हाई. वाचून निजलात तरी चालंल.'

आता लिंक कशाकशाची द्यायची? इथं भाभींचा हट्ट सुरू झाला. जिच्यात आपण स्वतः निजलो नाही ती वस्तू सांगायची नाही. मच्छरदाणी तर त्यांची होतीच. मग सुती चादर आली, ती महिनाभर अंथरली, धुतली, परत अंथरली. गरम पाण्याची पिशवी आली. ती आधी माझ्या सासूबाईंच्या गुडघ्यावर वापरून झाली आणि सासूबाईंचं मत पानावर त्यांच्या नावासकट गेलं. गादी शिवायची मोठी सुई, जाड दोरा. कुणीतरी सुचवलं म्हणून कानात घालायचे मऊ बोळे मागवले. ते मात्र दुसऱ्याच दिवशी परत डबीत गेले.

"चांगले न्हाईत का?" मी विचारलं.

"चांगले असतील. पण कानात घातले की ह्यांचा खोकला ऐकू येत न्हाई. अन् तो ऐकू आला न्हाई तर मला झोप कशी लागंल?"

हळूहळू कमिशन जमू लागलं. पण भाभींना पैशापेक्षा भलत्याच गोष्टीचा नाद लागला. त्या लिंकवाल्या दुकानाचा एक रिपोर्ट येतो. आपल्या दारातून गेलेल्या लोकांनी काय काय घेतलं, ते त्यात दिसतं. कुणी घेतलं ते दिसत नाही. आणि गंमत अशी, की माणूस मच्छरदाणी बघायला जातो आणि घेऊन येतो भलतंच. भाभींच्या रिपोर्टात सायकलची घंटी असायची. माशांच्या टाकीत टाकायची निळी खडी. एकदा घुंगरू. एकदा लहान मुलाची दुर्बीण.

दुपारची नमाज झाली, जेवणं झाली, की दुकानात गिऱ्हाईक नसतं. रस्त्यावरून उसाची एखादी ट्रॉली गेली तर तेवढाच आवाज. तेव्हा नवरा-बायको गठ्ठ्यांना टेकून बसायचे, भाभी फोन वाचायच्या आणि दोघं त्या न दिसणाऱ्या माणसांकडं जाऊन यायचे.

"घुंगरू घेतलेत कुणीतरी. दोनशे घुंगरांचा जोड."

"मोठ्या बाईचे की पोरीचे?"

"दोनशे म्हणजे मोठीच असंल. पण मंग आपल्या पानावर कशाला आल्ती?"

ख्वाजाभाई डोळे मिटून घ्यायचे. "पाय ठणकत असतील रातच्याला. गरम पाण्याची पिशवी शोधत आल्ती. पिशवी बघितली अन् तिला वाटलं, पाय शेकत बसण्यापेक्षा नाचावं. जुने घुंगरू पोरीला देऊन टाकले असतील. म्हून नवे घेतले."

"अन् दुर्बीण?"

"ती पोराला झोप येत न्हाई म्हून. बापानं घेतली. आता दोघं बी जागे राहतील."

मी कधी शाळेतून परत येताना तिथं टेकले, तर मलाही त्या प्रवासाला नेलं जायचं. निळ्या खडीच्या घरी आम्ही कितीदा जाऊन आलो असू. ख्वाजाभाईंच्या मते ते घर समुद्रापासून लांब होतं आणि त्या माणसानं समुद्र कधी बघितलेला नव्हता. भाभी म्हणायच्या, बघितलाय, म्हणूनच तर खडी निळी घेतली. त्यावर त्यांचा रीतसर वाद व्हायचा.

मला उशिरा लक्षात आलं की हे सगळं ख्वाजाभाईंसाठी काय होतं. पिंजण घेऊन फिरताना ते रोज नव्या घरी जात. गादी उसवली की घर कळतं, ते म्हणत. कोण एकटं निजतं, कोण रडतं, कुणाचं मूल अजून गादी ओली करतं. आता जालन्याच्या डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं, छातीत रुईची धूळ बसलीय, धुळीपासून लांब राहा, जास्त चालू नका. दुकानाच्या दारापर्यंतच त्यांचं जग आलं होतं. त्या रिपोर्टातून ते पुन्हा गावोगाव फिरायला लागले होते.

पण खोकला वाढतच होता. त्यांना आडवं होता येईना. रात्रभर गठ्ठ्याला पाठ लावून बसल्या बसल्या डुलक्या घ्यायचे. अर्शियाला नववा महिना लागला होता, म्हणून तिला यातलं काही सांगायचं नाही, असं दोघांनी ठरवलं होतं. फोन आला की ख्वाजाभाई आधी पाणी प्यायचे, मग बोलायचे, आणि खोकला यायच्या आत फोन भाभींकडं द्यायचे.

त्याच दिवसांत एका कंपनीची मेल आली. फोमच्या उशा करणारी कंपनी. तुमची वेबसाइट आवडली, आमच्या उशीची लिंक लावा, कमिशन इतरांपेक्षा चांगलं देऊ. एक उशी नमुना म्हणून फुकट पाठवतो. भाभींनी मला मेल दाखवली आणि दोघी हसलो. पिंजाऱ्याच्या वेबसाइटवर फोमची उशी! पण उशी येऊन पडली. पांढरीशुभ्र, मधे थोडी खोल, दाबली की हळूच परत वर येणारी.

"बघा तरी निजून," मी म्हटलं.

"बघितलं मॅडम." भाभींचा आवाज उतरला होता. "काल दुपारी. लई बेस झोप लागली. तेच तर."

पुढं जे झालं ते मला भाभींनी सांगितलं. त्या दिवशी ख्वाजाभाई सकाळपासून थकले होते. भाभींनी फोमची उशी घेतली, घरातली जुनी, मऊ पडलेली खोळ तिच्यावर चढवली आणि ती खाटेच्या उशाशी ठेवली. ख्वाजाभाई नेहमीसारखे आधी बसले. मग मान टेकली. मग कधी आडवे झाले ते त्यांनाही कळलं नाही.

भाभी दाराशी बसून राहिल्या. मशीन बंद होतं. बाहेर लिंबाची सावली या भिंतीवरून त्या भिंतीवर गेली. एक गिऱ्हाईक आलं, त्याला त्यांनी हातानंच परत पाठवलं. किती महिन्यांनी त्यांना नवऱ्याचा नुसता श्वास ऐकू येत होता. त्या म्हणाल्या, "मॅडम, मी जागीच होते. पण मला लगनाच्या आधीचं ते आमच्या गल्लीतलं ऊन दिसून राह्यलं होतं. मी इथंही होते अन् तिथंही."

दुपार कलल्यावर असरची अजान झाली तेव्हा ख्वाजाभाई जागे झाले. तोंड ताजं दिसत होतं. त्यांनी उशी ओढून मांडीवर घेतली, दोन्ही हातांनी दाबली, सोडली, परत दाबली.

"मैमूना, हा कापूस कुठला? असा कापूस मी हातात धरला न्हाई कधी. दबतो अन् आपसूक उठतो. कोणत्या रानातला हाय?"

भाभींना खोटं बोलता आलं असतं. त्यांनी खोळीची गाठ सोडली आणि आतलं पांढरं दाखवलं.

ख्वाजाभाईंनी त्यावर एकदा बोट फिरवलं. मग उशी बाजूला ठेवली, चपला घातल्या आणि बाहेर पडले. जास्त चालू नका, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, पण भाभींनी अडवलं नाही.

भाभींचा फोन आला म्हणून मी निघाले, तर ते मला बसस्टँडवर दिसले. सिमेंटच्या बाकावर बसले होते. जालन्याची गाडी आली, गेली. अंबडची जीप भरली, गेली. मी शेजारी जाऊन बसले. त्यांनी माझ्याकडं न बघताच विचारलं, "मॅडम, जन्मभर लोकांच्या डोक्याखाली मी जे ठेवलं, ते चांगलं नव्हतं का?"

"असं का म्हणता ख्वाजाभाई? सासूबाई तुमच्याच गादीवर निजतात."

"मंग मला का चालत न्हाई?"

"तुमची छाती दुखावलीय म्हणून. कापूस वाईट आहे म्हणून नाही."

ते बोटं एकमेकांवर चोळत होते, जणू त्यात अजून रुई आहे. मग एकदम म्हणाले, "बायकोला त्या उशीचं पानावर लिवायचंय. मला इचारत न्हाई, पण तिच्या तोंडावर दिसतं. माझ्यासारखे खोकणारे किती असतील? ते बी बसूनच रात काढत असतील." उठून उभे राहिले. "चला. सोडा मला घरापर्यंत."

दुकानात येऊन त्यांनी भाभींना हाक मारली. "लिव. पण 'एका माणसाला' असं लिवू नको. माझं नाव लिव. पिंजारी ख्वाजामियाँ."

ते पान मीच टाइप केलं. भाभी सांगत होत्या, मधेच ख्वाजाभाई दुरुस्त करत होते. 'आम्ही कापसाच्या गाद्या करतो. पण ज्याला दम्याचा त्रास हाय, रुईच्या धुळीनं ज्याची छाती भरलीय, त्यानं कापसाची उशी घेऊ नये. आमची बी घेऊ नये. माझे मालक पिंजारी ख्वाजामियाँ यांना लई महिन्यांनी या उशीवर आडवं निजता आलं. ही उशी कंपनीनं आम्हाला फुकट दिली. लिंकवरून घेतली तर आम्हाला कमिशन मिळतं. पण आधी डॉक्टरला दाखवा. उशीनं खोकला जात न्हाई, झोप तेवढी लागते.'

त्या पानाइतकं दुसरं कुठलंच पान कुणी वाचलं नाही. लोकांनी एकमेकांना पाठवलं. गिरणीत काम केलेल्या लोकांनी लिहिलं, दगडखाणीवरच्या एकानं लिहिलं. वेबसाइटचे पुढच्या वर्षीचे पैसे त्या एका उशीनं भरले.

आणि ते पान नांदेडला अर्शियानंही वाचलं. बाळ तेव्हा तीन आठवड्यांचं होतं. बाळंतपणाचे चाळीस दिवस होताच ती नवऱ्याबरोबर गाडी करून आली. बाळाला आईच्या हातात दिलं आणि थेट बापासमोर उभी राहिली.

"अब्बा, तुमच्या छातीचं मला वेबसाइटवरून कळावं?"

"फोनवर सांगितलं असतं तर तू रडली असतीस."

"मग आता काय हसले का?"

बाप-लेक दोघंही रडली. बाळ भाभींच्या खांद्यावर होतं. ते काही उठलं नाही.

अर्शिया दीड महिना राहिली आणि तेवढ्यात तिनं घर हलवून टाकलं. बापाला जालन्याला नेऊन पुन्हा तपासून घेतलं, औषध बदलून घेतलं. मशीन तीर्थपुरीच्या एका नातेवाइकाला विकलं. त्याचं शेड गावाबाहेर, मोकळ्यावर आहे. आता रुई तिकडूनच पिंजून येते, भाभी मागच्या खोलीत दार लावून, तोंडाला फडकं बांधून फक्त भरतात आणि टाके घालतात. पुढच्या खोलीत कापूस राहिला नाही. तिथं एक टेबल, दोन खुर्च्या आणि ख्वाजाभाई. खोकला गेला नाही, डॉक्टरांनी जाईल असं सांगितलंही नाही. पण कमी झाला. रात्री ते आडवे निजतात.

वाचणाऱ्यांचे प्रश्न आता तेच घेतात. मध्यंतरी हसनाबादहून भागवत नावाचा एक शेतकरी दोन बस बदलून आला. फोनवर का नाही विचारलं, असं मी त्याला म्हटलं, तर म्हणाला, "ताई, माणूस खरा हाय का ते बघायचं होतं." त्याच्या आईला श्वासाचा त्रास होता. ख्वाजाभाईंनी तिची सगळी विचारपूस केली, कुशीपासून पहाटेच्या गारठ्यापर्यंत, आणि कापसाचं काही घेऊ नको म्हणून त्याला रिकामा परत पाठवला. चहा मात्र दोनदा पाजला.

हल्ली त्यांनी नवीन खूळ काढलंय. बिदरकडच्या, हैदराबादकडच्या लोकांना मराठी वाचता येत नाही, म्हणून 'उशाशी' उर्दूतही हवी. अर्शिया नांदेडहून व्हिडिओ कॉलवर लिहून घेते. परवा मी गेले तेव्हा ख्वाजाभाई खुर्चीत ताठ बसून सांगत होते, मी तरुणपणी पिंजण वाजवायचो तेव्हा गोदावरीपल्याडच्या गावांना झोप यायची.

"अब्बा, हे खरं लिहायचंय ना?" फोनमधून अर्शिया म्हणाली.

भाभी दारात उभ्या होत्या. हातात दोरा ओवलेली सुई, नजर कुठंतरी रस्त्यापलीकडच्या कपाशीवर.

"लिव गं," त्या म्हणाल्या. "मला आल्ती."